वॉशिंग मशीन बदलायचे आहे: टाकी कमी उंचीवर, पाणी जड आणि कार्ड दोनदा जळालेले

शहापूरची_सून

नमस्कार. आमचे घर बेळगावात शहापूरला आहे. घर जुने, मंगळुरी कौलांचे, मागे परडे आणि परड्याला लागून न्हाणी. त्या न्हाणीच्या बाहेर पत्र्याच्या आडोशाला आमचे साडेसहा किलोचे पूर्ण स्वयंचलित टॉप लोड मशीन अकरा वर्षे उभे आहे. गेल्या तीन वर्षांत त्याचे कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दोनदा जळाले आणि दोन्ही वेळा नवे बसवले. आता क्लचचा गिअरही गेला आहे आणि खालचा पत्रा गंजून हात लावला तरी सुटतो. दुरुस्तीचा जो खर्च सांगितला आहे तो ऐकून यजमान म्हणाले की आता याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही, आणि मलाही ते पटले.

घरात आम्ही पाच माणसे आहोत. सासूबाई नऊवारी लुगडी नेसतात आणि त्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. यजमान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आहेत, त्यामुळे त्यांच्या कपड्यांतून काळी वाळू आणि तेल रोज घरी येते. मुलांचे शाळेचे गणवेश पावसाळ्यात वाळत नाहीत ही तर इथल्या प्रत्येक घराची कथा आहे. जून ते सप्टेंबर आमच्या सोप्यात दोऱ्यांखालून वाकूनच चालावे लागते.

महापालिकेचे पाणी रोज येत नाही. आल्यावर ते टाकीत भरून ठेवतो आणि कमी पडले की बोअरवेलचे घेतो. तीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानात गेले तर विक्रेता फ्रंट लोडशिवाय दुसरे बोलतच नाही आणि मोटारला दहा वर्षांची वॉरंटी आहे हे चार वेळा सांगतो. मला दिसण्याचे किंवा मोबाइलवरून चालवण्याचे कौतुक नाही. दहा वर्षे निमूटपणे चालेल असे मशीन हवे आहे. कोणत्या कंपनीचे घ्यावे?

निपाणीकर

ताई, आमच्याकडे सात वर्षांपासून सात किलोचे फ्रंट लोड आहे आणि आजवर एकदाही मेकॅनिक बोलवावा लागलेला नाही, म्हणून मी डोळे झाकून तेच सुचवेन. पाण्याचा विचार केला तर फ्रंट लोड एका धुण्याला साधारण पन्नास ते सत्तर लिटर पाणी घेते, आणि तेवढ्याच कपड्यांना टॉप लोडला शंभराच्या वर लागते. पाणी साठवून वापरणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. मशीनवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल असेल तर त्यावर एक किलो कपड्यांमागे वीज किती आणि पाणी किती हे दोन्ही आकडे छापलेले असतात. तारे मोजण्यापेक्षा ते दोन आकडे वाचावेत.

दुसरे म्हणजे पिळणे. आमचे मशीन मिनिटाला १,२०० फेरे घेते. नेहमीचे टॉप लोड सातशेच्या आसपास फिरते. पावसाळ्यात गणवेश रात्री पिळून पंख्याखाली टाकला तर सकाळी घालता येतो, हे मी अनुभवाने सांगतो. लुगडीही त्यात कमी गुंततात, कारण कपडे वरून खाली पडत धुतले जातात, मधल्या चकतीभोवती पीळ बसत नाही.

एवढेच की पावडर मॅटिकचीच घ्यावी लागते. हाताने धुण्याची पावडर घातली तर फेस इतका होतो की मशीन मधेच थांबून बसते. आमच्या आईने पहिल्याच आठवड्यात तो प्रयोग करून पाहिला होता.

वायरमनकाका

मी हिंदवाडीत राहतो आणि तीस वर्षे घरगुती वायरिंगची कामे केली आहेत. कंपनीचे नाव विचारण्याआधी मला या ताईंना काही गोष्टी विचारायच्या आहेत.

कार्ड दोनदा जळाले ते कोणत्या महिन्यांत? त्या वेळी पाऊस होता का, आणि मशीन चालू होते की बंद? मशीनच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे, की तिसऱ्या पिनेच्या भोकात नुसती रिकामी पितळी नळी आहे? अर्थिंगचा खड्डा घरात कुठे आहे हे कोणाला ठाऊक आहे का? आणि पाण्याची टाकी मशीनच्या नळापेक्षा किती उंच आहे?

शेवटचा प्रश्न विजेचा नाही, पण कौलारू घर म्हटल्यावर तो विचारावाच लागतो. प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब लिहिलेला असतो. कुठे ०.३ बार, कुठे ०.५, तर काही फ्रंट लोडना १ बार लागतो. टाकीतल्या पाण्याची दर एक मीटर उंची साधारण ०.१ बार दाब देते. निपाणीकरांची टाकी बहुधा दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असेल, म्हणून त्यांना हा प्रश्न कधी पडला नसावा. न्हाणीच्या स्लॅबवर ठेवलेल्या टाकीचा दाब ०.२ बारसुद्धा भरत नाही, आणि मग कोरे करकरीत मशीन पाणी येत नाही असे सांगून पहिल्याच दिवशी बंद पडते. विक्रेता हे सांगत नाही, कारण त्याने तुमची न्हाणी पाहिलेली नसते.

शहापूरची_सून

काका, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी जुन्या पावत्या शोधल्या. पहिल्या कार्डाची पावती ९ मेची आहे आणि दुसऱ्याची त्याच्या दोन वर्षांनंतरच्या २७ एप्रिलची. दोन्ही वेळा वळवाचा पाऊस होऊन गेला होता. दुसऱ्या वेळचे मला स्पष्ट आठवते, कारण त्या संध्याकाळी गल्लीतल्या तिघांचे टीव्ही गेले होते. मशीन दोन्ही वेळा बंद होते, पण पिन सॉकेटमध्येच होती. आम्ही अकरा वर्षांत ती कधी काढलेलीच नाही.

शेजारच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावून मीटर लावून घेतले. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट आहेत. फेज आणि अर्थमध्ये १५० च्या आसपास, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये सत्तरच्या वर. तो म्हणाला की अर्थची तार आहे, पण ती कुठे जाते ते देवालाच माहीत. शेवटी ती परड्यातल्या जांभ्याच्या चिऱ्यांखाली एका गंजलेल्या पाइपला गुंडाळलेली सापडली.

टाकीचे तुमचे म्हणणे खरे निघाले. न्हाणीच्या स्लॅबवरच्या टाकीचा तळ मशीनच्या नळापासून मोजला तर पाच फूट दहा इंच भरला, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. पाणीही तपासून घेतले. टाकीतले राकसकोप जलाशयाचे, म्हणजे महापालिकेचे पाणी मऊ आहे, पण बोअरवेलच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम निघाला.

वायरमनकाका

मग मशीन निर्दोष आहे, निदान कार्डांच्या बाबतीत तरी. वीज तारांवर किंवा जवळपास पडली की क्षणार्धात हजारो व्होल्टचा झटका घरात येतो. बटण बंद असले तरी त्यातली दोन-चार मिलिमीटरची फट त्या झटक्याला अडवू शकत नाही. स्टॅबिलायझरचाही इथे उपयोग नाही. तो हळू कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजसाठी असतो, आणि हा झटका त्याची रिले हलण्याआधीच येऊन गेलेला असतो. झटका शोषणारे सर्ज प्रोटेक्टर मिळतात, पण ते झटका जमिनीत सोडणार कुठे, जर तुमचे अर्थिंगच गंजलेल्या पाइपला बांधलेले असेल?

कोणतेही मशीन आणण्याआधी परड्यात नवा खड्डा घेऊन पाइपचे अर्थिंग कोळसा आणि मीठ घालून करून घ्या आणि मेनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवा. ओल्या न्हाणीशेजारी ही चैन नव्हे. घरातल्या माणसांचा जीव त्यावर आहे. आपल्याकडची जांभी जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतत जा. काम झाल्यावर न्यूट्रल आणि अर्थमधला आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत आला पाहिजे. नाही आला तर त्या वायरमनला पैसे देऊ नका. आणि आभाळ भरून आले की पिन सॉकेटमधून उपटून ठेवायची. याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

दुरुस्तीवाला_वडगाव

मी कोणत्याही कंपनीचा माणूस नाही. वडगावात माझे छोटे दुकान आहे आणि सगळ्या कंपन्यांची मशीन उघडून पाहिली आहेत. काकांनी विजेचे सांगितले ते योग्यच आहे. मी आतल्या भागांविषयी लिहितो, कारण ताईंचा मूळ प्रश्न टिकण्याचा आहे.

मोटारच्या दहा वर्षांच्या वॉरंटीने फार हुरळून जाऊ नका. मोटार हा मशीनमधला सगळ्यात कमी बिघडणारा भाग आहे, म्हणूनच तर तिच्यावर दहा वर्षे देणे परवडते. जुन्या पट्ट्याच्या मोटारीत कार्बन ब्रश झिजायचे, आताच्या इन्व्हर्टर मोटारीत तेही नाहीत. माझ्याकडे मशीन येतात ती कार्ड, ड्रेन पंप, दाराचे रबर आणि बेअरिंग यांच्यासाठी. यांतल्या कशावरही दहा वर्षे कोणी देत नाही. संपूर्ण मशीनवर किती वर्षे आहेत तेवढेच विचारा.

फ्रंट लोडचे खरे दुखणे ड्रमच्या मागे असते. ड्रम स्टेनलेस स्टीलचा, पण त्याला मागून धरणारा तीन पायांचा स्पायडर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. दोन वेगळे धातू, त्यात ओल आणि साबणाचा चिकट थर, म्हणजे ॲल्युमिनियम हळूहळू खाऊन जाते. तिकडे सील झिजून बेअरिंगमध्ये पाणी शिरले की पिळताना विमान उडल्यासारखा आवाज येऊ लागतो. बेअरिंग स्वतः महाग नसते, ६२०५ किंवा ६२०६ नंबरचे बेअरिंग मोटारसायकलच्या स्पेअरपार्टच्या दुकानातही मिळते. अडचण अशी की अनेक नव्या मशीनचा प्लॅस्टिकचा टब कारखान्यातच वेल्डिंग करून बंद केलेला असतो. तो उघडत नाही, आणि दोन बेअरिंगांसाठी अख्खा टब-ड्रम बदलावा लागतो. बोल्टने जोडलेला टब असेल तर तेच काम माझ्यासारखा माणूस एका दिवसात करून देतो. म्हणून फ्रंट लोड घेणारच असाल तर टब बोल्टचा की वेल्डिंगचा हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. शोरूममधल्या पोराला ते ठाऊक नसते, त्यात त्याचाही दोष नाही.

आणखी एक युक्ती सांगतो. मॉडेल ठरले की घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून त्या मॉडेलचे कार्ड आणि दाराचे रबर केवढ्याला पडते आणि बेळगावात किती दिवसांत येते ते विचारा. जो आकडा सांगायला टाळाटाळ करतो, त्याचे मशीन बिघडल्यावर काय होईल याचा अंदाज तिथेच येतो. काही लोक म्हणतात की आयएफबी या कंपनीचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे, म्हणजे घाट उतरला की भाग मिळेल. तसे होत नाही. सुटे भाग कंपनीच्या गोदामातून मागणीप्रमाणे येतात, कारखाना जवळ असल्याचा आपल्याला काही लाभ नसतो.

आता ताईंच्या घराचे. दाब ०.२ बारच्याही खाली आणि गरजेला ४८० कठीणपणाचे पाणी, यात फ्रंट लोड घालणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे चाक लावण्यासारखे आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. तेव्हा तुमचे बोअरचे पाणी वाईट नाही, पण तापवले की त्यातला चुना सुटून हीटरवर बसतो. फ्रंट लोडमध्ये दोन किलोवॅटच्या आसपासचा हीटर असतो आणि त्याच्यावर थर चढला की तो आधी वीज जास्त खातो आणि मग जळतो. थंड पाण्यात चुना इतका बसत नाही. म्हणून जड पाण्याच्या घरात हीटर नसलेले साधे टॉप लोड हे मी भित्रेपणाने नव्हे, हिशेबाने सुचवतो. जो भाग मशीनमध्ये नाही तो बिघडत नाही.

टॉप लोडमध्येही कमी दाबावर चालणारे मॉडेल मागा आणि पुस्तिकेतला आकडा स्वतः वाचा. तो ०.३ असेल तर टाकी चार-पाच फूट उंच लोखंडी स्टँडवर चढवा, किंवा टाकीनंतरच्या लाइनवर लहान प्रेशर पंप बसवा. महापालिकेच्या लाइनवर पंप लावू नका, ते बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांचे पाणी ओढणारे आहे. सासूबाईंची लुगडी जाळीच्या पिशवीत घडी करून घातली तर गुंतत नाहीत. वाकळ मात्र कोणत्याही मशीनमध्ये घालू नका. सात किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते आणि भिजलेली वाकळ एका बाजूला गोळा झाली की पिळताना सस्पेन्शनच्या सळ्या बसतात.

फाउंड्रीच्या कपड्यांची वाळू आधी परड्यात झटकून, साध्या पाण्यातून काढूनच मशीनमध्ये टाका. तुमच्या क्लचचा गिअर कशाने गेला असेल याची मला थोडी शंका आहे.

खानापूरकर

एवढा खल करण्यापेक्षा सेमी ऑटोमॅटिक घ्या. दाब नको, कार्ड नाही, करंट गेला तर जिथे थांबले तिथून पुढे, आणि पाणी बादलीने ओतले तरी चालते. आमच्याकडे पावसात दिवस दिवस करंट नसतो, तिथे हेच टिकले. ड्रायरही टॉप लोडपेक्षा जोरात पिळतो.

शहापूरची_सून

खानापूरकर, तुमचे सगळे खरे आहे, पण सेमीत ओले कपडे एका डब्यातून काढून दुसऱ्यात घालायला वाकावे लागते. दुपारी घरात सासूबाई एकट्या असतात, त्यांना ते झेपणार नाही. फ्रंट लोडमध्येही शेवटी खाली वाकूनच कपडे काढायचे, हे माझ्या आधी लक्षात आले नव्हते.

कोल्हापूर_अपडाउन

एक वेगळा मुद्दा. बेळगावचे बरेच लोक मोठ्या वस्तू घ्यायला सुमारे ११० किलोमीटरवर कोल्हापूरला जातात, कारण पूर्वी दोन राज्यांतल्या करांमुळे किमतीत फरक पडायचा. २०१७ साली जीएसटी आल्यापासून कर दोन्हीकडे सारखाच आहे. दुकानदाराने सूट दिली तरच फरक, आणि त्यातून टेम्पोचे भाडे वजा करावे लागते. फ्रंट लोड तर तळाशी काँक्रीटचे वजन घेऊन साठ-सत्तर किलोंचे असते, आणि वाटेतल्या धक्क्यांसाठी मागे बसवलेले वाहतुकीचे बोल्ट काढायला विसरून मशीन चालवले तर ते अंगणभर नाचते. वॉरंटी देशभर चालते हे खरे, पण पावतीवर आपला बेळगावचा पत्ता आणि पिनकोड लिहून घ्यावा, म्हणजे तक्रार थेट इथल्या सर्व्हिस सेंटरकडे जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते, त्यामुळे कोल्हापूरला खेटे घालायची वेळ येत नाही. तरीही मी स्वतः गेल्या वर्षी फ्रीज खडेबाजारातच घेतला. बिघडला तर दुकानात जाऊन समोर उभे राहता येते.

शहापूरची_सून

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी खड्डा आणि मग मशीन असा क्रम ठेवला. नव्या अर्थिंगनंतर न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.४ व्होल्ट आले. आरसीसीबी बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती पडली, आणि शोधता शोधता न्हाणीतल्या जुन्या गिझरमधून वीज झिरपत असल्याचे कळले. तो गिझर काढून टाकला आहे. काका, याबद्दल काय लिहावे ते मला सुचत नाही.

मशीन सात किलोचे टॉप लोड घेतले, हीटर नसलेले, पुस्तिकेत ०.३ बार लिहिलेले. टाकी स्टँडवर चढवली आहे, आता तळ नळापासून साडेदहा फुटांवर आहे. दोन मॉडेलांत मन अडकले होते. ग्राहक क्रमांकावर कार्डाची किंमत विचारली तेव्हा एका कंपनीने ती लगेच सांगितली आणि दुसरीने तीन वेळा फोन फिरवून शेवटी तंत्रज्ञ घरी आल्यावर सांगेल असे उत्तर दिले. निवड तिथेच झाली. आभाळ भरले की पिन काढण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. त्या हल्ली नुसते ढग दिसले तरी काढतात, आणि संध्याकाळी ती परत लावायला आम्हीच विसरतो.

दुरुस्तीवाले दादा, टाकी संपल्यावर बोअरचे पाणी वापरावेच लागते. त्यासाठी मशीनमध्ये लिंबूसत्त्व घालावे असे ऐकले. किती आणि किती दिवसांनी?

दुरुस्तीवाला_वडगाव

रिकामे मशीन, बादलीने ओतलेले कोमट पाणी आणि शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व. अर्धा तास भिजत ठेवून एक पूर्ण धुणे चालवा. बोअरचे पाणी वापरत असाल त्या काळात दोन महिन्यांतून एकदा पुरे. त्याच वेळी ब्लीच मात्र घालू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. मागच्या नळाच्या जोडातली छोटी जाळीही तेव्हाच काढून धुवा, टाकीतला गाळ तिथेच अडकतो.